ओतीव शिशाची गोळी आणि लिव्हर रायफलीचा झीरो

पेनसिल्व्हेनियातल्या एका कापलेल्या मक्याच्या शेताच्या कडेला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मी बर्फात गुडघे टेकून अर्धा तास केस गोळा करत होतो. पांढरे, लांब, पोटाखालचे केस. रक्ताचा थेंब नाही. हरीण 140 यार्डांवर होतं, नेम खांद्यामागे धरला होता, चाप नीट दाबला गेला होता, आणि तरीही गोळी छातीच्या खालून केस कापत निघून गेली. पुढचे दोन तास मी माग काढत फिरलो, कारण जखमी जनावर मागे सोडायचं नाही हा शिकारीतला पहिला धडा. सुदैवाने ते जखमी नव्हतंच.

चूक रायफलीची नव्हती. ऑक्टोबरमध्ये मी कंपनीच्या 170 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) जॅकेटवाल्या, म्हणजे शिशावर तांब्याचं आवरण असलेल्या गोळीच्या काडतुसांवर 100 यार्डांचा झीरो बसवला होता, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर पडेल अशी जोडणी केली होती. मग घरी भरलेली ओतीव, म्हणजे साच्यात शिसं ओतून केलेल्या, गोळीची काडतुसं रेंजवर पाहिली. ती 100 यार्डांवर दोनेक इंच खाली पडत होती. दोन इंचांनी काय होतं, असं म्हणून मी तीच घेऊन रानात गेलो. दोन इंचांचा फरक 140 यार्डांवर सहा इंच होतो, हे गणित तेव्हा केलं नव्हतं. ते गणित, आणि त्याआधी गोळी कशी निवडायची ते, या लेखात सांगतो.

आधी कायद्याचं. हे सगळं अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि काडतूस घरी भरायलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. तेव्हा गावाकडे कुणी हा प्रयोग करू नये. अमेरिकेतही आपल्यापैकी जे एच-वन-बी किंवा एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहेत त्यांनी थांबून वाचा: तुम्हाला बंदूकच नव्हे, काडतूससुद्धा जवळ बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राने रेंजवर रायफल हातात दिली तरी हा प्रश्न येतो, म्हणून वकिलाला विचारूनच पुढे जा. आणि कॅलिफोर्नियात राहत असाल तर शिशाची गोळी विसरा. तिथे 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची काडतुसं पूर्ण बंद आहेत.

रायफल कोणती आणि तिच्या मर्यादा

मी बोलतोय ते थर्टी-थर्टी काडतुसाच्या लिव्हर रायफलींबद्दल, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली-वर करून पुढचं काडतूस नळीत घेणाऱ्या. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर 1894 आणि तिच्यासाठी 1895 मध्ये बाजारात आलेलं हे काडतूस, धूररहित दारूवर चालणारं अमेरिकेतलं पहिलं लहान व्यासाचं शिकारी काडतूस. मार्लिनची 336 आली 1948 मध्ये. या दोन रायफलींनी इथल्या रानांत जितकी हरणं पाडली तितकी क्वचितच कुणी पाडली असतील. पूर्वेकडच्या दाट रानात हरीण दिसतंच मुळी 40 ते 100 यार्डांत. सडपातळ, खांद्याला हलकी, झटकन वर येणारी रायफल तिथे बरोबर बसते.

या रायफलींत काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीला, टेकलेलं असतं. टोकदार, कडक गोळी असेल तर धक्क्याने ती प्रायमर फोडू शकते, आणि नळकांड्यातच काडतूस उडतं. म्हणून इथे गोळी सपाट तोंडाचीच. रबरी टोकाच्या खास गोळ्या मिळतात तो अपवाद, पण ओतीव गोळीत सपाट तोंडाशिवाय दुसरा विचारही करू नका. हे सपाट तोंड शिकारीलाही चांगलं: कमी वेगातही ते मांसात भक्कम घाव करतं.

गोळी: माप आधी, कडकपणा नंतर

नवशिका पहिला प्रश्न विचारतो, शिसं किती कडक हवं? खरा प्रश्न आहे, गोळी किती जाड हवी.

नळीच्या आत जे पीळदार आटे असतात त्यांच्या खोबणींत गोळी गच्च बसली पाहिजे. थोडी जरी सैल असली तर मागचा तापलेला वायू तिच्या बाजूने निसटतो, कडा वितळवतो, आणि ते शिसं नळीला लेपासारखं चिकटतं. थर्टी-थर्टीच्या नळीचं कागदावरचं माप 0.308 इंच. जॅकेटची गोळी तेवढीच असते. ओतीव गोळी मात्र नळीच्या खऱ्या मापापेक्षा 0.001 ते 0.002 इंच जाड हवी, म्हणजे बहुतेक रायफलींत 0.309 किंवा 0.310. मार्लिनच्या बारीक, उथळ मायक्रो-ग्रूव्ह आट्यांना अनेकदा 0.311 लागते. ‘मार्लिनला शिसं चालत नाही’ असं जे सरसकट बोललं जातं, त्यातल्या निम्म्या तक्रारी सैल गोळीच्या असतात असं माझं ठाम मत आहे.

खरं माप काढायचं असेल तर अंदाज नको. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, नळीला आतून तेलाचा हात फिरवा, नळीपेक्षा किंचित जाड असा मऊ शुद्ध शिशाचा गोळा तोंडाकडून लाकडी दांड्याने हळूहळू पार ढकला. दुसऱ्या बाजूने पडलेल्या शिशावर आट्यांचे ठसे उमटलेले दिसतील. त्याचा सर्वात रुंद भाग मायक्रोमीटरने मोजा. साधा कॅलिपर इथे पुरत नाही. हजाराव्या इंचाचा सवाल आहे.

आता कडकपणा. शुद्ध शिसं ब्रिनेल मापावर साधारण 5, चाकं तोलायला लावलेल्या जुन्या वजनांचं शिसं 12 च्या आसपास, छापखान्यातलं लिनोटाइप 22. लिनोटाइपच्या गोळ्या दिसायला देखण्या, पण त्या जनावराच्या अंगात फुलत नाहीत आणि हाडावर ठिसूळपणे तुटू शकतात. शिकारीला 12 च्या आसपासचा, थोडं कथील घातलेला मिश्रधातू उत्तम. बुडाला तांब्याची छोटी वाटी, म्हणजे गॅस चेक, असलेली 165 ते 175 ग्रेनची गोळी घ्या. ही वाटी गोळीचं बूड तापलेल्या वायूपासून वाचवते, त्यामुळे सेकंदाला 1,800 फुटांचा वेग नळीत शिसं न चिकटता मिळतो. याहून वेग काढता येतो, पण मी काढत नाही. माझ्या रानात गरज पडत नाही आणि अचूकपणा मात्र जातो.

गोळ्या स्वतः ओतायलाच हव्यात असं नाही. मी पहिली तीन वर्षं तयार ओतीव गोळ्या विकत घेतल्या आणि आजही घर भाड्याचं असेल, लहान मूल असेल तर तोच सल्ला देईन. शिसं 327 अंश सेल्सियसला वितळतं. मोकळी हवा, कोरडी जागा आणि पाण्याचा एक थेंबही जवळ नको, कारण वितळल्या शिशात पाणी गेलं की ते उसळून अंगावर येतं. नुसत्या गोळ्या हाताळल्या तरी हात साबणाने धुतल्याशिवाय घास तोंडात जाऊ देऊ नका, आणि हे काम स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कधीच नको.

काडतूस भरताना

दारूचे आकडे मी देणार नाही. दारूचा प्रकार आणि भार हे गोळी बनवणाऱ्याच्या किंवा दारूच्या कंपनीच्या चालू पुस्तकातूनच घ्या, तेही ओतीव गोळीसाठी दिलेल्या तक्त्यातून, आणि सुरुवातीच्या भारापासून. मित्राच्या वहीतला आकडा त्याच्या रायफलीचा असतो. थर्टी-थर्टीला दाबाची मर्यादा चौरस इंचाला 42,000 पौंड आहे, आणि जुन्या रायफलींशी या मर्यादेच्या जवळपासही खेळू नये.

ओतीव गोळीची खास काळजी दोन ठिकाणी. पहिली, काडतुसाच्या पितळी पुंगळीचं तोंड किंचित फुलवायचं, इतकं की गोळीचं बूड बोटाने अलगद टेकवता येईल. तसं न करता दाबलीत तर पुंगळीची धार शिशाची साल काढते. काडतुसाच्या गळ्याशी चांदीसारखी बारीक कडी दिसली की समजा, साल निघाली. दुसरी, गोळीवरच्या खोबणीत पुंगळीचं तोंड पक्कं वळवायचं. नळकांड्यातल्या स्प्रिंगचा दाब आणि प्रत्येक बाराचा धक्का काडतुसाच्या टोकावर बसतो. वळण सैल असेल तर गोळी आत ढकलली जाते आणि दाब वाढतो. काडतुसाची पूर्ण लांबी 2.550 इंचांच्या आत ठेवा, नाहीतर लिव्हर अर्ध्यावर अडेल.

दारू भरलेल्या सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या ठेवून, गोळी बसवण्याआधी टॉर्चने प्रत्येकीत डोकवा. पातळी सारखी दिसली पाहिजे. ओतीव गोळीचे हलके भार पुंगळीत निम्मीच जागा घेतात, म्हणून चुकून दोनदा भरलं तरी ते मावतं आणि बाहेरून कळत नाही. ही एक नजर मी एकदाही चुकवत नाही. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा.

झीरो म्हणजे काय निवडायचं

डोळा, नेम धरायची नळीवरची मागची खाच आणि पुढच्या टोकावरची माशी यांची रेषा सरळ जाते. गोळी मात्र नळीतून निघाल्यापासून पडतच असते, म्हणून नळी किंचित वर रोखलेली असते. गोळी नजरेची रेषा खालून एकदा छेदते, थोडी वर जाते, मग पुन्हा छेदून खाली येते. ते दुसरं छेदन जिथे होतं तो तुमचा झीरो.

हरणाच्या हृदय-फुप्फुसाचा भाग साधारण आठ इंचांचा. माणूस म्हटला की हात हलतो, श्वास चढलेला असतो, म्हणून गोळीच्या चढउताराला मी त्यातले पाचच इंच देतो: अडीच वर, अडीच खाली. त्या पट्ट्यात गोळी जितक्या लांबपर्यंत राहील तितक्या अंतरापर्यंत मधोमध नेम धरायचा, कुठलाही हिशेब न करता. झीरो निवडणं म्हणजे हे अंतर निवडणं.

कंपनीचं 170 ग्रेनचं काडतूस सेकंदाला 2,200 फुटांचं. छापील तक्त्यात 100 यार्डांच्या झीरोवर ते 150 ला 3 इंच, 200 ला सुमारे 9 इंच खाली असतं. 1,800 फुटांच्या ओतीव गोळीचा, उघड्या माशीचा माझा हिशेब असा: 100 चा झीरो ठेवला तर 50 ला इंचभर वर, 150 ला पावणेपाच इंच खाली, 200 ला तेरा-चौदा इंच खाली. म्हणजे 125 च्या आसपासच गोळी पट्ट्याबाहेर पडते.

तोच झीरो 125 ला सरकवा. आता 50 यार्डांवर गोळी जवळजवळ दोन इंच वर, 75 ला दोन इंचांहून किंचित जास्त, 100 ला दीड इंच वर, 125 ला नेमकी आणि 150 ला सुमारे अडीच इंच खाली. गोळी तीच, दारू तीच. नुसती माशी आणि खाच यांची जोडणी बदलली आणि मधोमध नेम धरण्याचं अंतर 150 पर्यंत गेलं. ओतीव गोळीसाठी मी हाच झीरो ठेवतो.

मग 150 चा का नको? कारण मधल्या अंतरांवर गोळी फार वर चढते, आणि माझी बहुतेक हरणं 60 ते 80 यार्डांवर येतात. शिवाय 150 च्या पुढे या गोळीचा जोर इतका उतरलेला असतो की मी चाप दाबतच नाही. तुमचं रान इतकं दाट असेल की 80 च्या पुढे दिसतच नाही, तर मात्र 100 चा झीरो अधिक बरा. रानात जाऊन, नेहमीच्या बैठकीवर बसून, लांबात लांब मोकळी जागा पावलांनी मोजा, आणि मग ठरवा.

रेंजवर, पायरी पायरीने

जॅकेटच्या गोळ्या आधी मारल्या असतील तर नळीतलं तांबं सॉल्व्हंटने पूर्ण काढा. तांब्यावर शिसं चटकन चिकटतं. कान आणि डोळे झाका.

सुरुवात 25 यार्डांवर. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवताना पुढचं लाकूड, रिसीव्हरच्या (नळीमागच्या यंत्रणेच्या पोलादी भागाच्या) जवळचा भाग, पिशवीवर येऊ द्या. नळी कशालाही टेकवायची नाही. या रायफलींत नळी, नळकांडं आणि लाकूड पट्ट्यांनी एकत्र बांधलेलं असतं. नळीवर भार आला की गोळी दुसरीकडेच जाते. रानात फांदीवर नळी टेकवणाऱ्यांचंही हेच होतं, म्हणून फांदीवर आपला हात आणि हातावर लाकूड.

तीन गोळ्या झाडा, मगच काही हलवा. एका गोळीवरून कधीच नाही. 25 यार्डांवर तिन्ही छिद्रांचा मध्य नेमाच्या इंचभर वर आला की 125 चा झीरो जवळ आला. दुर्बीण असेल तर ती नळीच्या बरीच वर बसते, म्हणून तिथे वर येण्याचं माप अर्ध्या इंचाहून कमी. छिद्रंही नीट पाहा: गोल असायला हवीत. लांबट, किल्लीच्या भोकासारखी दिसली तर गोळी गोल फिरत न जाता आडवी होते आहे. बहुतेक वेळा ती सैल असते. परत मापाकडे.

मागची खाच गोळी जिकडे न्यायची तिकडेच हलवायची. पुढची माशी त्याच्या उलट. किती हलवायची त्याचं सूत्र सोपं आहे: चूक गुणिले माशी-खाच यांतलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं इंचांत. माझ्या रायफलीवर माशी आणि खाच यांत 17 इंच आहेत. 100 यार्ड म्हणजे 3,600 इंच. गोळी 4 इंच डावीकडे गेली तर 4 गुणिले 17 भागिले 3,600, म्हणजे 0.019 इंच, अर्धा मिलिमीटर. हातोडी आणि पितळी पंचने एक हलकी टिचकी. रागाने ठोकलेला घाव गोळीला फूटभर पलीकडे नेतो. खाचेखालच्या पायऱ्यांची पट्टी उंचीसाठी असते, पण एकेका पायरीचं अंतर बरंच मोठं. हंगामभर ओतीव गोळीच वापरणार असाल तर रिसीव्हरवर बसणारी, स्क्रूने हलणारी भोकाची साइट बसवा. म्हाताऱ्या होत चाललेल्या डोळ्यांना तिच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही.

आता 100 यार्ड. तीन गोळ्या, मग दहा मिनिटं थांबा. बारीक नळी चटकन तापते आणि तापली की गोळ्या सरकतात. गोळ्यांचा मध्य नेमाच्या दीड इंच वर हवा. उघड्या माशीने तीन इंचांच्या आत तिन्ही पडल्या तर समाधान माना. आणि इथे थांबू नका. शक्य असेल तर 150 यार्डांवरही कागद लावा. माझे वरचे आकडे माझ्या वेगाचे आहेत. तुमच्या नळीतून गोळी पन्नास फूट हळू निघत असेल तर कागदच ते सांगेल.  मी तो कागद त्या डिसेंबरच्या आधीच लावायला हवा होता.

रेंजवरून निघण्यापूर्वी पांढरी चिंधी कोरडीच नळीतून फिरवा. काळी काजळी आली तर ठीक. करड्या, चकचकीत पापड्या आल्या तर शिसं चिकटलं आहे. जुन्या ब्रशला शुद्ध तांब्याच्या घासणीचे तंतू गुंडाळून घासलं की ते निघतं. घासणीला आधी लोहचुंबक लावून बघा, तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद असेल तर ते नळी ओरबाडतं. शिसं साचलेल्या नळीतून जॅकेटची गोळी मारून ‘साफ’ करण्याची सवय धोक्याची आहे, दाब वाढतो.

हंगामाच्या आदल्या आठवड्यात

स्वच्छ, तेलकट नळीतली पहिली ओतीव गोळी बहुधा इतरांपासून वेगळी पडते. गोळीवरच्या वंगणाचा थर नळीत बसायला एक-दोन बार लागतात. म्हणून शेवटच्या सरावानंतर मी नळी धूत नाही. तोंडाला टेप लावून तशीच ठेवतो. मग थंडीच्या सकाळी, रायफल रात्रभर गाडीत ठेवून गार झालेली असताना, एकच गोळी 100 यार्डांवर मारतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच. अशा चार सकाळींची चार छिद्रं एकाच कागदावर घेतली की रानातली पहिली गोळी कुठे जाईल ते कळतं. हरणावर सहसा तेवढीच मिळते.

मांस कापताना घावाभोवतीचा भाग ओंजळभर जास्तच काढून टाका, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर नक्कीच. आणि काडतुसांच्या डब्यावर गोळी, दारू, भार, तारीख आणि झीरो लिहून ठेवा. माझ्या डब्यावर आता लाल पेनाने लिहिलेलं असतं: ‘ओतीव, 125’. कंपनीच्या काडतुसांचा डबा हंगाम सुरू झाला की तळघरातल्या दुसऱ्या कपाटात जातो.